ड्रोनचे चित्रण हिसके खाते: दोष उड्डाणाचा की संपादनाचा?

सुरूबन:
नमस्कार. गेल्या दिवाळीत अडीचशे ग्रॅमच्या आतला एक ड्रोन घेतला आणि गुहागरला घरी गेल्यावर किनारा, सुरूचे बन आणि आमच्या आगरातील नारळी-पोफळी असे भरपूर चित्रण केले. मोबाइलवर ते छान वाटत होते. टीव्हीवर लावले तेव्हा मात्र प्रत्येक वळणावर चित्र हिसका खाते, वाळू पांढरीफटक दिसते आणि झावळ्या तुटक तुटक थरथरतात, असे लक्षात आले. सॉफ्टवेअरमधील स्थिरीकरण लावले, तर कडा कापल्या जाऊन क्षितिजच डोलू लागले. चित्रण दुपारी बाराच्या सुमाराचे, सेकंदाला ३० फ्रेमचे असून बाकी सर्व स्वयंचलित ठेवले होते. नऊ मिनिटांची चित्रफीत झाली आणि आईसुद्धा अर्ध्यावर उठून गेली. मी आता संपादन शिकावे की पुन्हा उडवायला शिकावे?

कृष्णधवल:
झावळ्यांचे दुखणे शटरचे, म्हणजे प्रत्येक फ्रेमवर प्रकाश पडू देण्याच्या वेळेचे आहे. आपल्या ड्रोनच्या भिंगाचे छिद्र एफ/२.८ इतके कायम असेल, तर आयएसओ (प्रकाशाची संवेदनक्षमता) १०० ठेवूनही भर उन्हात कॅमेरा शटर सुमारे १/३२०० सेकंदावर नेतो. मग प्रत्येक फ्रेम इतकी रेखीव येते की दोन फ्रेममधील हालचाल डोळ्याला जोडता येत नाही. २५ फ्रेमला १/५० सेकंद हा जुना दंडक आहे. १/३२०० वरून १/५० वर यायचे म्हणजे प्रकाश सहा टप्पे (दर टप्प्याला निम्मा) कमी करावा लागतो आणि ते काम एनडी ६४ फिल्टर, म्हणजे भिंगावर लावायची करडी काच, करतो. सकाळी आठच्या आधी उडवलात तर एनडी १६ बहुधा पुरेल, शिवाय सावल्या लांब पडल्याने सुरूचे बन सपाट दिसणार नाही. वाळूसाठी झेब्रा पट्टे (अति उजळ भागावर पडद्यावर दिसणारे पट्टे) सुरू ठेवावेत आणि एक्स्पोजर (प्रकाशाचे प्रमाण) उड्डाणापूर्वीच कुलूपबंद करावे, कारण एकदा जळालेली वाळू कोणत्याही रंगसंस्काराने परत येत नाही.

पोफळीवाला:
वरील उत्तर योग्य आहे, परंतु हिसके शटरमुळे येत नाहीत, अंगठ्यामुळे येतात. सिने मोड (ड्रोनच्या हालचाली संथ करणारी सेटिंग) लावा, वळण्याचा वेग सेटिंगमध्ये निम्म्यावर आणा आणि स्टिक नुसत्या अंगठ्याने ढकलण्याऐवजी अंगठा व तर्जनीच्या चिमटीत धरा. एका शॉटमध्ये एकच हालचाल करावी. पुढे जाणे, वळणे आणि कॅमेरा खाली झुकवणे हे तिन्ही एकदम करण्याचा मोह मलाही पहिले वर्षभर आवरला नव्हता. अंगणातल्या तुळशी वृंदावनाभोवती चौकोन काढण्याचा सराव करावा, आणि ड्रोनचे तोंड आपल्याकडे असताना तो मुद्दाम करावा, कारण तेव्हा डावे-उजवे उलटते आणि नवखा माणूस तेथेच झाडात अडकतो.

किनाऱ्यावर आणखी दोन गोष्टी सांभाळाव्यात. पाठीवर वारा घेऊन समुद्रात लांब गेलेला ड्रोन परतताना त्याच वाऱ्याशी झुंजतो, म्हणून आधी वाऱ्याच्या विरुद्ध जावे आणि बॅटरी चाळीस टक्क्यांवर येताच वळावे. हलत्या लाटांवर खालच्या सेन्सरला स्थिर खूण मिळत नाही, त्यामुळे पाण्यालगत उडवू नये. अंजनवेलचा वीजप्रकल्प आपल्यापासून दूर नाही. तेव्हा तेथे उडवण्यास मनाई तर नाही ना, हे डिजिटल स्काय या ड्रोनविषयक सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर आधी पाहावे. नकाशावरील हिरव्या, म्हणजे मोकळ्या क्षेत्रातही सर्वसाधारण मर्यादा ४०० फुटांची आहे.

कात्रीधर:
आई उठून गेली यात चित्रणापेक्षा लांबीचा दोष अधिक आहे, असे मला वाटते. हवाई दृश्यात पहिल्या चार-पाच सेकंदांत सांगायचे ते सांगून होते, म्हणून हालचालीचा आरंभ आणि शेवटची थांबण्याची धडपड दोन्ही कापून मधला सलग भाग तेवढा ठेवावा. त्यासाठी चित्रण करतानाच दोन्ही टोकांना तीन-तीन सेकंद ड्रोन स्थिर ठेवलेला असावा. उंचावरचे सलग तीन शॉट आले की चौथा जमिनीवरचा घ्यावा: पोफळीवर चढणारा गडी, पाटाचे पाणी, आईचे हात. स्थिरीकरण अखेरचा उपाय समजावा.

सुरूबन:
सर्वांचे आभार. काल पहाटे वारा पडलेला असताना २५ फ्रेम आणि एनडी १६ लावून अकरा शॉट घेतले. त्यांतील चारच ठेवले आणि चित्रफीत पन्नास सेकंदांची झाली. झावळ्या आता झावळ्यांसारख्या हलतात. वळणे मात्र अजून अडखळतात, त्यामुळे वृंदावनाच्या प्रदक्षिणा चालू आहेत.