मांजराच्या पिल्लाला गजकर्ण झालंय, घरातलं क्रीम लावू का?

बोकेवाला_सांगली
विश्रामबागला राहतो. पाच महिन्यांचं पिल्लू आहे, कानामागं आणि पुढच्या पायावर केस जाऊन गोल चट्टे पडलेत, कडेला कोंडा, पण खाजवत फारसं नाही. आता बायकोच्या हातावर पण तसाच लाल गोल उठलाय. आई म्हणते गजकर्ण आहे, मांजर सोडून ये कुठंतरी. घरात मेडिकलमधून आणलेली खाजेची ट्यूब आहे ती लावली तर चालेल का? पावसाळ्यात सगळं दमट असतं म्हणून होतंय का हे?

मिरजेची_मनी
सोडून बिडून काही देऊ नका हो, बरं होतं हे. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन लिहिलंय का बघा, असेल तर लावूच नका, ते स्टेरॉइड, वरची लाली जाते आणि बुरशी खाली निवांत पसरते. वहिनींनी पण ते लावू नये, स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि घरात मांजर आहे हे सांगा. आणि मांजर अंगाला लावलेलं सगळं चाटतंय हे डोक्यात ठेवा, कुणी टी ट्री ऑइल सुचवलं तर अजिबात नको, मांजराला विष आहे ते. दमटपणाचं म्हणाल तर नुसत्या पावसानं होत नाही, दुसऱ्या मांजराकडनं नाहीतर पडलेल्या केसांतनं लागतं. पिल्लांना आणि पर्शियनला लवकर.

कराडचा_पाहुणा
आधी नक्की गजकर्णच आहे का ते तपासून घ्या, चट्टे पिसवांनी पण पडतात. मांजरात बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची बुरशी असते, डॉक्टर वूड्स लॅम्प (अतिनील प्रकाशाचा दिवा) मारतात त्यात केस हिरवे चमकतात, पण चमकले नाहीत म्हणजे नाही असं समजू नका, मग केस मायक्रोस्कोपखाली बघतात किंवा कल्चर लावतात (केसांतली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघतात), त्याला दोन-तीन आठवडे जातात. गोळी सहसा इट्राकोनॅझोल, वजनावर, एक आठवडा द्यायची एक आठवडा बंद असं, आणि सोबत क्लोरहेक्सिडीन-मायकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातनं दोनदा, फेस दहा मिनिटं अंगावर ठेवायचा (तुम्ही आणि मांजर दोघंही त्या दहा मिनिटांत वेडे होणार). केस आले की औषध बंद करायचं नाही, इथंच लोक फसतात, कल्चर निगेटिव्ह येईपर्यंत चालू ठेवा. जवळ कुणी नसेल तर शिरवळला सरकारी पशुवैद्यकीय कॉलेज आहे, सांगलीहून लांब पडेल पण.

मिरजेची_मनी
घराचं कुणी बोललंच नाही. पडलेल्या केसांवरचे बीजाणू वर्षाहून जास्त टिकतात. पिल्लू एका खोलीत ठेवा, गाद्या-गालिचे नसलेल्या. केस रोज गोळा करा, फरशी आधी साबणानं धुवा आणि मग एक भाग ब्लीच 32 भाग पाणी असं पुसून दहा मिनिटं ओलं राहू द्या, वाळेपर्यंत मांजर आत नको. ब्लीचमध्ये ॲसिड वगैरे काही मिसळू नका. आणि फिनेल तर मांजराच्या घरात नकोच.

बोकेवाला_सांगली
ट्यूबवर क्लोबेटासोलच आहे. घरात अजून एक मांजरी आहे, तिला काही दिसत नाही, पण ती गाभण आहे, तिला पण गोळी द्यायची का?

कराडचा_पाहुणा
मनानं देऊ नका. ग्रिसोफुलविन म्हणून बुरशीची दुसरी गोळी असते ती गाभणीला चालतच नाही, पिल्लांत व्यंग येतं, इट्राकोनॅझोल पण टाळतात. दिसत नसलं तरी तिच्या अंगावर बुरशी असू शकते म्हणून केस तिचेपण तपासायला द्या, पिल्लापासनं वेगळी ठेवा, आणि डॉक्टरकडं गेल्यावर पहिलं वाक्य "एक गाभण आहे" हे बोला.