मदत हवी आहे: ६० चॅनलचा गेटवे ३२ कॉलवरच अडतोय

फोंडेकर_आयटी
मंडळी, तातडीने मदत हवी आहे. फोंड्यातल्या एका खाजगी इस्पितळाचं टेलिफोन आणि नेटवर्क मी सांभाळतो. दोन पीआरआय (टेलिफोन कंपनीच्या ३० कॉलच्या डिजिटल लाइन) आहेत, म्हणजे ६० चॅनल. मीडिया गेटवेच्या (लाइनवरचा आवाज नेटवर्कच्या पॅकेटमध्ये भरणाऱ्या यंत्राच्या) कागदावर क्षमता ६४ कॉल लिहिलेली आहे. सोमवारी सकाळी ओपीडीच्या अपॉइंटमेंटचे फोन सुरू झाले की साडेआठनंतर बाहेरून लावणाऱ्यांना एंगेज टोन ऐकू येतो. आज मी गेटवेच्या स्क्रीनसमोर बसून मोजलं. ३०, ३१, ३२, आणि तिथेच थांबलं. एक कॉल सुटला की आकडा ३१ होतो, दुसऱ्या सेकंदाला परत ३२. समोर २८ चॅनल रिकामे दिसतायत आणि लोकांना फोन लागत नाही! वर मधूनमधून आवाज तुटतो तो वेगळाच. सीपीयू २० टक्क्यांच्या वर गेलेला नाही. रीबूट झालं, फर्मवेअर चढवून झालं. व्हेंडर म्हणतो लाइनवाल्यांना विचारा, लाइनवाले म्हणतात लाइन स्वच्छ आहे. आम्ही काहीही बदललेलं नाही. गेल्या सोमवारी सत्तरी तालुक्यातल्या एका माणसाला बायकोच्या डायलिसिसची वेळ बदलून हवी होती. चाळीस मिनिटं फोन लावत बसला आणि शेवटी दोन बस बदलून स्वतः आला. पुढच्या सोमवारच्या आत हे सुटायलाच हवं.

ट्रंकवाला
पीआरआयच्या दिवसांत अडकू नका. दोन्ही परत करा आणि एसआयपी ट्रंक (डेटा नेटवर्कवरून थेट येणारी फोन लाइन) घ्या. गेटवेच लागणार नाही, मग त्याची क्षमताही मोजावी लागणार नाही. आमच्या पर्वरीच्या ऑफिसात हेच केलं, दोन वर्षं डोक्याला ताप नाही.

मडगावचा_केबल
एका वेळी किती माणसं फोन उचलतात? कोडेक (आवाज पॅकेटसाठी डेटात बदलायची पद्धत) कुठला? फोन कुठल्या सर्व्हरवर आहेत? गेटवेचं मॉडेल तरी सांगा.

फोंडेकर_आयटी
उचलायला १४ जणी आहेत. कोडेक वगैरे व्हेंडरने लावलाय, तो कधी कोणी हलवला नाही. सर्व्हर नेहमीचाच, आयपी पीबीएक्स, म्हणजे नेटवर्कवर चालणारं इस्पितळाचं टेलिफोन एक्स्चेंज. ट्रंकवाला, सोमवार सहा दिवसांवर आहे. सहा दिवसांत कोण ट्रंक देतो?

डिचोलकर
१४ जणी बसल्यात तर ३२ कॉल आले कुठून? आकडा चुकीचा वाचताय असं वाटतं.

निवृत्त_एक्स्चेंज
आकडा बरोबर आहे. रांगेत थांबलेला माणूससुद्धा चॅनल अडवून बसतो. "कृपया प्रतीक्षा करा" आणि संगीत ऐकणारे १८, बोलणारे १४, झाले ३२. गेटवेच्या दृष्टीने दोघे सारखेच. तिथे रांगेचा आवाजही पॅकेटमध्ये भरावाच लागतो.

फोंडेकर, मला एकच गोष्ट हवी आहे. ३३वा कॉल परत जातो तेव्हा लॉगमध्ये कॉज कोड (कॉल का तुटला त्या कारणाचा क्रमांक) किती येतो? ३४ आला तर चॅनल संपले. १७ आला तर पलीकडे फोन व्यस्त. ४७ आला तर गेटवेकडची साधनसामग्री संपली. एवढं कळल्याशिवाय इथले सगळे सल्ले अंदाजाचे आहेत, माझेसुद्धा.

अर्लांग_प्रेमी
हिशेब सोपा आहे. सरासरी कॉल ३ मिनिटांचा धरा. अर्लांग-बी (किती चॅनलवर किती भार झेपेल ते सांगणारं सूत्र) प्रमाणे ३० चॅनलवर १ टक्का कॉल परत जाणं मान्य केलं तर २०.३ अर्लांग (एक चॅनल तासभर पूर्ण अडवणारा भार म्हणजे १ अर्लांग) भार पेलतो, म्हणजे तासाला साधारण ४०० कॉल. ६० चॅनलवर ४६.९ अर्लांग, तासाला ९३०च्या वर. चॅनल दुप्पट केले की भार दुपटीहून जास्त पेलतो, हे त्या १९१७ सालच्या सूत्राचं खरं सौंदर्य आहे. तुमच्याकडे तासाला किती फोन येतात ते मोजा. हजाराच्या वर असतील तर तिसरी पीआरआय घ्या.

निवृत्त_एक्स्चेंज
अहो, २८ चॅनल रिकामे असताना तिसरी पीआरआय घेऊन ती कुठे लावायची? सूत्र उत्तम आहे, पण इथे अडथळा लाइनवर नाही.

अर्लांग_प्रेमी
लाइनवर नाही हे तुम्ही कॉज कोड न बघता कशावरून म्हणता? आत्ताच तर म्हणालात की सगळे अंदाज आहेत.

निवृत्त_एक्स्चेंज
बरोबर, ते मी घाईने लिहिलं. कोड येऊ द्या.

वीजतंत्री
पावसाळ्यात गोव्यात आधी अर्थिंग बघायचं. आमच्या सांग्याच्या साइटवर जूनच्या पहिल्या गडगडाटात ई-वनचं (पीआरआय ज्यावरून येते त्या लाइनचं) कार्ड गेलं होतं. बाहेरून सगळं ठीक दिसायचं, दिवा हिरवा, आणि अर्धे चॅनल मेलेले. खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी घातलं, सर्ज प्रोटेक्टर बसवला, नवं कार्ड घातलं, त्यानंतर त्रास नाही. ३२ म्हणजे जवळजवळ एक पूर्ण ई-वन. तुमचं दुसरं पोर्ट उडालं असणार.

फोंडेकर_आयटी
दोन्ही पोर्ट चालू आहेत. कॉल दोघांवर वाटले जातात, आज १७ आणि १५ असे होते. अर्थिंग मे महिन्यातच तपासलं, सर्व्हर हलवला तेव्हा.

मडगावचा_केबल
थांबा. सर्व्हर हलवला? कुठे? वर तर लिहिलंत काहीही बदललेलं नाही!

फोंडेकर_आयटी
गेटवेत काही बदललेलं नाही असं म्हणायचं होतं. फोनचा सर्व्हर मे महिन्यात मडगावच्या आमच्या मुख्य इमारतीत नेला, तिथे एसी आणि जनरेटर चांगला आहे. मध्ये २ एमबीपीएसची लीज्ड लाइन (फक्त आमच्यासाठी भाड्याने घेतलेली डेटा लाइन) आहे. गेटवे, पीआरआय आणि १४ जणींचे फोन फोंड्यातच आहेत.

लॉग काढला. ८:३४ ते ९:५० मध्ये ४७ हा कोड २१९ वेळा आलाय. ३४ एकदाही नाही.

मडगावचा_केबल
मग उत्तर सापडलंच म्हणा. आता गेटवेवर चालू कॉलची यादी काढा आणि प्रत्येक कॉलसमोर कोडेक काय लिहिलंय ते इथे टाका.

फोंडेकर_आयटी
सगळ्यांसमोर जी.७२९ए.

निवृत्त_एक्स्चेंज
आता नीट सांगतो, कारण ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. पीआरआयवरचा आवाज ६४ केबीपीएसचा असतो. त्याचं पॅकेट करायचं काम गेटवेमधल्या डीएसपी (आवाजावर प्रक्रिया करणाऱ्या खास) चिप करतात. जी.७११ या कोडेकमध्ये आवाज जवळजवळ आहे तसाच भरायचा असतो, म्हणून तेवढ्याच चिपमध्ये ६४ कॉल बसतात. जी.७२९एमध्ये तोच आवाज दाबून ८ केबीपीएस करावा लागतो, दर २० मिलिसेकंदांना, प्रत्येक कॉलसाठी. मेहनत दुप्पट, कॉल निम्मे. ६४चे झाले ३२. 'ए' नसलेला मूळ जी.७२९ लावला असता तर अशा बऱ्याच यंत्रांत २४वरच गाडी थांबली असती. तुमचा सीपीयू २० टक्के दिसतो कारण तो सिग्नलिंग (कॉल जोडणं, सोडणं) बघतो, आवाजाला हात लावत नाही. डीएसपीचा वापर वेगळ्या पानावर असतो, ते पान उघडून बघा.

कागदावरचा ६४ खोटा नाही. फक्त तो जी.७११चा आकडा आहे.

ट्रंकवाला
म्हणूनच म्हणत होतो. एसआयपी ट्रंक असती तर डीएसपीचा प्रश्नच आला नसता.

मडगावचा_केबल
ट्रंक मडगावला उतरली असती आणि १४ जणी फोंड्यात. आवाज त्याच २ एमबीपीएसवरून गेला असता, मग दाबणं आलंच. फोंड्याला उतरवली असती तरी सर्व्हर मडगावला आहे. ट्रंक वाईट नाही, पण या दुखण्यावरचं औषध ते नाही.

ओएसपी_जाणकार
दोन शहरांत कॉल फिरवताय, दूरसंचार खात्याकडे ओएसपी (कॉल सेंटरसारख्या सेवा देणाऱ्यांची) नोंदणी केलीय का? नसेल तर आधी ते बघा.

अर्लांग_प्रेमी
ती नोंदणी नोव्हेंबर २०२०च्या नियमांनी काढून टाकली, जून २०२१मध्ये नियम आणखी सैल झाले. त्यांना उगाच घाबरवू नका.

फोंडेकर_आयटी
देव बरें करूं, निवृत्त आणि केबल. डीएसपीचं पान उघडलं, १०० टक्के दाखवतंय. तीन आठवडे मी चुकीच्या पानावर बघत होतो. मग सरळ सगळं जी.७११ करू का? आज रात्रीच करतो.

मडगावचा_केबल
नको! २ एमबीपीएसवर ते करू नका. जी.७११चा एक कॉल म्हणजे सेकंदाला ५० पॅकेट, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि ४० बाइट आयपी, यूडीपी, आरटीपीचे हेडर (पॅकेटवरचा पत्ता वगैरे मजकूर). झाले ८० केबीपीएस, एका दिशेला. २ एमबीपीएसमध्ये जेमतेम २५ कॉल. आणि तुमच्याकडे आवाज दोनदा प्रवास करतो: फोंड्याच्या गेटवेतून मडगावच्या सर्व्हरला, तिथून परत फोंड्यातल्या ताईंच्या फोनवर. बोलणारा एक कॉल १६० केबीपीएस खाईल. बारा-तेरा जणी बोलायला लागल्या की लाइन भरली.

जी.७२९एमध्ये आवाज २० बाइट आणि हेडर तेच ४०, म्हणून २४ केबीपीएस. व्हेंडरने हा हिशेब करूनच तो लावला असणार. लाइन वाचवली आणि चिप संपवल्या, त्या दोन्हींचा हिशेब एकत्र कोणी केला नाही.

आणखी एक. आवाज तुटतो तो या ३२शी जोडू नका. त्याच लाइनवरून आणखी काय जातं?

फोंडेकर_आयटी
एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या फाइली जातात. फोंड्यात काढतात, मडगावचे डॉक्टर वाचतात. सकाळी नऊनंतर.

मडगावचा_केबल
झालं. एक सीटी शेकडो एमबीचा. ती फाइल निघाली की आवाजाची पॅकेट तिच्यामागे रांगेत उभी राहतात. दोन्ही टोकांच्या राउटरवर आवाजाला ईएफ, म्हणजे डीएससीपी ४६ची खूण (हे पॅकेट आधी सोडा असं राउटरला सांगणारी) करून प्राधान्याची रांग द्या. सीटी अर्धा मिनिट उशिरा पोचला तर चालेल, आवाजाला १५० मिलिसेकंदांच्या वर उशीर झाला की लोक एकमेकांच्या बोलण्यात बोलायला लागतात.

निवृत्त_एक्स्चेंज
जुना सर्व्हर फोंड्यात अजून आहे का? असेल तर रांग, संगीत आणि १४ फोन त्याच्यावर परत घ्या, इमारतीच्या आत जी.७११ ठेवा. मडगावच्या एक्स्टेंशनला जाणारे कॉल तेवढे जी.७२९ए. समजा असे १० असले, तर ते २० कॉलची जागा खातात, उरलेल्या जागेत ४४ जी.७११. एकूण ५४. तुमच्या सोमवारला पुरेल. नाहीतर डीएसपीचं जास्तीचं मॉड्यूल मिळतं, पण ते सहा दिवसांत यायचं नाही.

डिचोलकर
अपॉइंटमेंट व्हॉट्सॲपवर का घेत नाही? अर्धे फोन कमी होतील.

फोंडेकर_आयटी
घेतो ना. पण आमचे निम्मे पेशंट सत्तरी, धारबांदोड्याकडचे, साठीच्या पुढचे. त्यांना ताईचा आवाज ऐकून वेळ पक्की करायची असते. ते चूक नाही.

जुना सर्व्हर रॅकमध्येच आहे, बंद करून ठेवलेला. शनिवारी रात्री बसतो.

फोंडेकर_आयटी
(सोमवार, दुपार) शनिवारी रात्री साडेदहाला सुरुवात केली, पहाटे तीनला संपलं. रांग आणि फोन जुन्या सर्व्हरवर आणले, गेटवेला आता पहिली पसंती जी.७११. आज ८:५२ला आकडा ३२ झाला तेव्हा ऑपरेटर ताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या होत्या. ३३. ३४. मग ९:०५ला ४१, आजचा सगळ्यात मोठा. डीएसपी ७० टक्क्यांच्या आसपास. कोड ४७ शून्य वेळा. राउटरवर प्राधान्य फोंड्याच्या टोकाला लावलंय, मडगावच्या टोकाचा पासवर्ड व्हेंडरकडे आहे, उद्या मिळेल. मडगावहून येणारा आवाज अजून मधूनच तुटतो.

मडगावचा_केबल
तुटणारच, परतीच्या दिशेला प्राधान्य नाही अजून. पासवर्ड मिळाला की दोन्ही टोकांचं कॉन्फिगरेशन उतरवून स्वतःकडे ठेवा.

निवृत्त_एक्स्चेंज
छान झालं. गणेश चवथीनंतरच्या सोमवारी परत मोजा आणि आकडा इथे टाका. सुट्टीत थांबलेले सगळे पेशंट त्या दिवशी फोन करतात. त्या दिवशी ५४च्या जवळ गेलात तर मॉड्यूलची मागणी त्याच आठवड्यात लिहून द्या.