मदत हवी आहे: बाकी एकाची, लाल ओळ दुसऱ्याचीच

म्हापशाचा दुकानदार: शुक्रवारच्या बाजारात उधारीवर माल नेणाऱ्या गिऱ्हाइकांची यादी मी एक्सेलमध्ये ठेवतो. ज्याच्यापुढे 'बाकी' लिहिले आहे त्याची सबंध ओळ लाल व्हावी म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग लावले. परंतु कालच पैसे चुकते करून गेलेला माणूस लाल झाला आणि ज्याच्याकडून 3000 येणे आहेत तो पांढराच राहिला. चवथ तोंडावर आहे, कृपया लवकर सांगावे.

फोंडेकर: सूत्र काय लिहिले आहे, ते आपण दिलेलेच नाही. बहुधा रकान्याच्या अक्षराआधीचे, तो रकाना पक्का धरणारे डॉलरचिन्ह ($) लिहायचे राहिले असावे. माझे नेहमी तेच राहते.

निवृत्त हिशेबनीस: डॉलर नसता तर सबंध ओळ रंगलीच नसती, एखादाच सेल रंगला असता. नियम कोणत्या ओळीपासून लावला आहे?

मडगावकर: त्यापेक्षा गूगल शीट्स वापरावे. तेथे 'कस्टम फॉर्म्युला' निवडला की काम होते.

निवृत्त हिशेबनीस: चुकीचे सूत्र तेथेही चुकीचाच रंग देईल.

म्हापशाचा दुकानदार: सूत्र =$ई2="बाकी" असे आहे. वरच्या 3 ओळींत दुकानाचे नाव, तारीख व मथळे असल्यामुळे नियम ए4 पासून एफ60 पर्यंत लावला आहे.

निवृत्त हिशेबनीस: घोळ येथेच आहे. सूत्रातील ओळ निवडलेल्या भागाच्या पहिल्या ओळीशी जोडली जाते; त्यामुळे आपली चौथी ओळ दुसरीकडे पाहते, पाचवी तिसरीकडे, आणि प्रत्येकाचा रंग 2 ओळी खाली उतरतो. जुना नियम काढून, ए4 पासून सुरुवात करून एफ60 पर्यंत निवड करावी व नव्या नियमात =$ई4="बाकी" लिहावे. ई या अक्षराआधी डॉलर हवा, 4 या आकड्याआधी नको. रकान्याचे अक्षर अर्थातच रोमनमध्ये टाइप करावे.

वास्कोचा वाचक: येणे रकमेची बेरीज लाल ओळी मोजत करू नये, समइफ हे अटीनुसार बेरीज करणारे सूत्र वापरून 'बाकी' या शब्दावरूनच करावी.

म्हापशाचा दुकानदार: बेरीज मी विचारली नव्हती. रंग जागेवर आले, आभारी आहे. परंतु सतराव्या ओळीत 'बाकी' स्पष्ट दिसत असूनही ती पांढरीच आहे.

निवृत्त हिशेबनीस: त्या सेलवर एफ2 ही कळ दाबून कर्सर अक्षराला चिकटून उभा राहतो का, ते पाहावे. शब्दामागे रिकामी जागा असली तर एक्सेल तो शब्द वेगळा धरते. सूत्रात =ट्रिम($ई4)="बाकी" असे लिहिले की ही अडचण राहत नाही.

म्हापशाचा दुकानदार: रिकामी जागा होती. ती नोंद पुतण्याने फोनवरून भरली होती.