नवऱ्याला श्टुटगार्टला नोकरी, माझा दवाखाना सांगलीत. काय करू?

विश्रामबागकर:
मी बीडीएस, म्हणजे दातांची डॉक्टर. विश्रामबागला सहा वर्षं स्वतःचा दवाखाना आहे, खुर्चीचे हप्ते मागच्या दिवाळीत फिटले. नवरा जर्मनीला ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणाऱ्या परवान्यावर, निघालाय. "जोडीदाराला तिथे लगेच काम करता येतं," म्हणतो. खरंय. पण कुठलं काम? माझ्या डिग्रीवर तिथे कुणी दाढ काढू देणार नाही. सासूबाई म्हणतात, मुलगी तीन वर्षांची आहे, दोन वर्षं संसार बघ. परवा मार्केट यार्डातले एक हमाल काका आले होते, तीन रात्री झोप नाही. रूट कॅनल सुरू केलं, ठणका थांबला. दारातून परत फिरून त्यांनी हात जोडले. हे मी कशावर सोडू? परदेशात दोघंही कामात समाधानी आहेत, असं कुणी आहे का इथे?

मिरजेची लेक:
अगं, मीही डेंटिस्टच, म्युनिकजवळ असते. आधी बी२ जर्मन (भाषेच्या पातळ्या ए१ ते सी२ अशा चढत जातात), मग सी१ पातळीची दंतवैद्यकीय भाषेची परीक्षा. डिग्री समकक्ष धरली नाही तर ज्ञानाची परीक्षा वेगळी. मधल्या काळात तात्पुरता परवाना मिळू शकतो, देखरेखीखाली काम करायचं. मला साडेतीन वर्षं लागली. पहिल्या वर्षी नवरा घरी आला की मी भांडायला टपलेलीच असायचे. मग ठरवलं: संध्याकाळी सहा ते नऊ मुलगा त्याच्याकडे, मी अभ्यासाला. फ्रिजवर लिहून लावलं. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. बी१ तरी सांगलीतच करून ये.

साताऱ्याचा जावई:
मी बायकोच्या मागे अमेरिकेत गेलो, एच-४ वर, म्हणजे तिथे नोकरीला असलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. २०१५ पासून एच-४ वाल्यांना कामाचा परवाना मिळतो, पण बहुतेकदा जोडीदाराच्या ग्रीन कार्डचा अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झालेला असेल तरच. चौदा महिने घरी होतो. आई फोनवर विचारायची, "दिवसभर काय करतोस रे?" मी रेंज नाही सांगून फोन ठेवायचो. बायकोचं प्रमोशन झालं त्या दिवशी मला आनंद झाला नाही. ते अजून टोचतं. आता माझ्या सिव्हिलच्याच कामात आहे, बरा आहे. ताई, दवाखाना विकू नका, ओळखीच्या डॉक्टरला चालवायला द्या.

विश्रामबागकर:
रात्री दोन्ही उत्तरं नवऱ्याला वाचून दाखवली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सहा ते नऊ, रोज?" मी म्हटलं, रोज. सोमवारपासून जर्मनचा क्लास लावतेय. खुर्ची विकत नाही.