बडोद्यात चायनीज पद्धतीचा वाफवलेला मासा: कुठला मासा, कुठला सॉस?

दांडियाबाजार:
मंडळी, आलं आणि पातीचा कांदा घालून वाफवलेला, वर कडकडीत तेल ओतलेला जो कॅन्टोनी मासा असतो, तो घरी करायचा आहे. मंचुरियनच्या ग्रेव्हीतलं काही नको. सासूबाईंचं तिखट-तळकट बंद आहे. शिवाय आमची सोसायटी जवळजवळ सगळी शाकाहारी, मासा तळला की जिन्यात कुजबुज सुरू. तर प्रश्न असे: इथे बर्फातून येणाऱ्या मासळीतली कुठली घ्यावी? स्टीमर नाही. ढोकळ्याचं पातेलं आहे, पण त्यात मासा ठेवायची परवानगी या जन्मात मिळायची नाही. पाककृतींत तांदळाची वाइन सांगतात, ती गुजरातेत आणायची कुठून? आणि हळद-मीठ-लिंबू लावून ठेवायचं का?

खाडीकाठ:
शेवटचं आधी. काही लावून ठेवू नका. मिठाने पाणी सुटतं आणि मांस आवळतं, लिंबाने वरचा थर आधीच पांढरा पडतो, मग शिजलं की नाही ते कळत नाही. हळद इथे बसतच नाही.

मासा: ४००–५०० ग्रॅमचं एक अख्खं पापलेट सगळ्यात सोपं. काटे कमी, जाडी सारखी, त्यामुळे सगळीकडे एकदम शिजतं. जिताडा मिळाला तर त्याहून उत्तम, बंगाली गिऱ्हाईक असलेल्या मासेवाल्याकडे ‘भेटकी’ म्हणून विचारा. हाँगकाँगकडे यासाठी हेकरूच्या जातीचे मासे मानाचे. सुरमई आणि बांगडा नको, तेलकट आणि उग्र वासाचे मासे या पद्धतीत उघडे पडतात, कारण वास झाकायला मसालाच नाही. रोहू-कटल्याला बारीक काटे आणि मातकट वास. घ्यायचाच तर पोटाकडचा भाग घ्या.

पारख नेहमीचीच: डोळे फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं की खड्डा राहता कामा नये. पापलेटाला कल्ल्यापाशी दाबून पांढरट पाणी आलं तर घ्या, लालसर आलं तर परत ठेवा. जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर मासेमारी बंद असते, तेव्हा समुद्रातलं पापलेट दिसलं तरी ते बहुतेक कोल्ड स्टोरेजचं. त्या दिवसांत कालवण करा, हा पदार्थ नको.

पाटावरवंटा:
मी तर सोया सॉस आणि आलं-लसूण पेस्टमध्ये रात्रभर मुरवायला सांगेन. आतपर्यंत चव जाते.

सिंगतेल:
पाटावरवंटा, तो वेगळा पदार्थ होईल, चांगलाही होईल, पण हा नव्हे. यात मासा अगदी फिका शिजवायचा आणि चव बाहेरून द्यायची. सोया सॉस आधी घातला की मासा तपकिरी होतो, आणि ताटात सुटणाऱ्या पाण्यात तो सॉस पातळ होऊन वाया जातो. पेस्ट तर नकोच. ती माशावर कच्चट राहते, ८ मिनिटांच्या वाफेत लसूण शिजत नाही.

आता कृती, पापलेटासाठी.

पोट साफ करून घेतलं असलं तरी घरी पुन्हा बघा. आतला काळा पापुद्रा आणि कण्याला चिकटलेली रक्ताची रेघ चमच्याच्या टोकाने खरवडून काढा. ‘वाफवलेल्या माशाला वास येतो’ या तक्रारीचं निम्मं कारण तिथे असतं. धुऊन कागदाने किंवा फडक्याने कोरडा करा. जाड भागावर तिरके ३ छेद, हाडाला सुरी लागेपर्यंत. मासा फ्रिजमधून १५ मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात १० पुरे, बडोद्याचा मे सांगायला नको.

भांडं: मोठी कढई, तळाशी स्टीलची रिंग किंवा उपडी वाटी, वर ताट. पाणी ३–४ सेंटीमीटर, ताटाला लागता कामा नये. झाकण घुमटाकार हवं आणि त्याला पंचा बांधा, नाहीतर वाफेचे थेंब माशावर टपकतात. ताटात पातीच्या कांद्याच्या २–३ काड्या आडव्या ठेवून त्यावर मासा, म्हणजे खालूनही वाफ फिरते. माशावर आल्याच्या ५–६ चकत्या.

पाणी खळाखळा उकळल्यावरच ताट आत. तिथून घड्याळ. ४५० ग्रॅमच्या पापलेटाला ८ मिनिटं, पातळ असेल तर ७. २ सेंटीमीटर जाडीच्या तुकड्यांना ५–६. हे आकडे स्टीलच्या ताटाचे. चिनी मातीचं जाड ताट असेल तर एक मिनिट वाढवा, कारण ते आधी स्वतः तापतं. मधे झाकण उघडू नका. गॅस बंद करून २ मिनिटं तसंच ठेवा. टूथपिक जाड भागात अडखळल्याशिवाय गेली की झालं. कण्यालगत किंचित गुलाबी झाक असेल तर ती त्या २ मिनिटांत जाते. मांस कण्यापासून आपोआप सुटून तुटायला लागलं तर समजा जास्त शिजलं.

यानंतर ताटात जमलेलं पाणी ओतून द्या. सूप समजून ठेवू नका. त्यात माशाचं रक्त आणि सुटलेली प्रथिनं असतात, उग्र वास त्याचाच. वाफवलेल्या आल्याच्या चकत्या आणि खालच्या काड्याही काढून टाका, त्यांचं काम झालं.

दांडियाबाजार:
ओतून द्यायचं! मी तर त्यातच सॉस घालणार होते. आणि वाइनचं?

सिंगतेल:
सोडून द्या. मासा ताजा असेल तर काही अडत नाही. फार वाटलं तर चमचाभर आल्याचा रस वाफवण्याआधी चोळा.

सॉस: लाइट सोया २ मोठे चमचे, गरम पाणी २ मोठे चमचे, साखर १ छोटा चमचा, पांढरी मिरी चिमूटभर. साखर विरघळेपर्यंत गरम करा, उकळू नका. किराण्याच्या दुकानात सहसा मिळतो तो डार्क सोया, दाट आणि काळा, मासा डांबरासारखा दिसतो. लेबलवर ‘लाइट’ बघून घ्या. ऑनलाइन मिळतो. डार्कच असेल तर १ छोटा चमचा, ३ मोठे चमचे पाणी आणि मीठ चवीपुरतं, एवढ्यावर भागवा.

वर नवं आलं, काडीसारखं बारीक चिरलेलं, २ इंचाचा तुकडा. पातीच्या कांद्याचा हिरवा भाग लांब उभा चिरून बर्फाच्या पाण्यात १० मिनिटं, कुरळा होतो आणि त्याचा तिखटपणा उतरतो. नीट निथळून कोरडा करून माशावर. मग तेल.

तेलाबाबत आपण इथे नशीबवान. कॅन्टोनी लोकही शेंगदाण्याचंच तेल वापरतात, आणि आपल्या घरी सिंगतेलाचा डबा असतोच. ३ मोठे चमचे. फिल्टर्ड तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं, म्हणून पहिली बारीक धुराची रेघ दिसली की गॅस बंद करून लगेच कांद्यावर ओता. ‘चर्र’ झालं पाहिजे. आवाज नाही आला तर कांदा कच्चा राहून नुसता तेलकट लागतो. चेहरा लांब ठेवा, माशावर पाणी राहिलं असेल तर तेल उडतं. सॉस सगळ्यात शेवटी, कडेने, माशाच्या डोक्यावरून नाही.

खाडीकाठ:
एक पुरवणी. पाककृतींत वर घालायला ‘तिळाचं तेल’ सांगतात ते भाजलेल्या तिळांचं. आपलं गोडं तिळाचं तेल घातलं तर चव भलतीकडे जाते. नसेल तर वगळा.

पाटावरवंटा:
बासा फिले चालेल का? सुपरमार्केटात तेच दिसतं.

खाडीकाठ:
चालेल, पण आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर वितळू द्या. बाहेर किंवा गरम पाण्यात वितळवलात तर मांस लिबलिबीत होतं. बाशाला पाणी खूप सुटतं, म्हणून दाबून कोरडं करा आणि वाफवल्यावर ताट दोनदा निथळा. चव मुळात फिकी, सॉस थोडा जास्त ठेवा.

दांडियाबाजार:
उरलं तर? सासूबाई फार खात नाहीत.

सिंगतेल:
पुन्हा वाफवू नका, रबर होतं. काटे काढून चुरा करून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उकळत्या पातळ तांदळाच्या पेजेत शेवटी सोडा, वर आल्याच्या काड्या आणि उरलेला सॉस. माशाला नीट उकळी फुटली की उतरवा. चीनमध्ये अशी पेज न्याहारीला खातात, सासूबाईंच्या पथ्यालाही चालेल. मीठ मात्र चाखून घाला, सॉस आधीच खारट आहे.