मदत हवी आहे: तुणतुणं गायकाच्या माइकमध्ये शिरलंय

आमच्या गोंधळाच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग लालबागला घरीच केलं. सगळे एकत्र बसूनच गायले. झीलकरी (मागून सूर धरणारे साथीदार) वेगळे बसवले की गाण्यातली जानच जाते. (एका गाण्यात शेजारच्या कुकरची शिटी आहे, ती राहू दे.)

अडचण अशी: गायकाच्या माइकमधला ३ किलोहर्ट्झच्या आसपासचा आवाज कापला की तुणतुण्याची तार दबते, पण शब्दही पुसट होतात. शिवाय गायकाचा आणि संबळाचा माइक एकत्र वाजवला की संबळाचा घुमारा पोकळ होतो. दोन्ही माइकांत ७ फूट अंतर, म्हणजे आवाज पोचायला साधारण ६ मिलिसेकंदांचा फरक. एका माइकचा फेज (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटा करून थोडंच सुधारलं. ट्रॅक सरकवून जुळवू, की एक माइक अगदी हळू ठेवू? रिव्हर्ब (हॉलसारखी घुमणारी आस) नको, अंगणातला गोंधळ वाटायला हवा.

दादर-परळकडे लोकवाद्यांचं मिक्सिंग करणारं कुणी आहे का? पैसे देऊ, फुकट नको.