यात लाड कसले?
"व्यसनी आईबापांचे कोर्टाने लाड कशाला करायचे?" असं कुणीतरी विचारलंय. लाड अजिबात नाहीत हो! लंडनमध्ये न्यायाधीश निकोलस क्रायटन यांच्या पुढाकाराने २००८ साली 'फॅमिली ड्रग अँड अल्कोहोल कोर्ट' सुरू झालं, म्हणजे आईबापांच्या दारू-ड्रग्जच्या व्यसनामुळे मूल त्यांच्याकडे राहावं का, हे ठरवणारं कोर्ट. तिथे दर पंधरा दिवसांनी आईबापांना न्यायाधीशांसमोर बसावं लागतं, शेजारी वकील नसतो. पुन्हा दारू किंवा ड्रग्ज घेतले का, तपासणीत काय आलं, राहायच्या घराची सोय कुठवर आली, सगळं समोरासमोर. न्यायाधीश शक्यतो तेच राहतात, त्यामुळे थापा फार दिवस चालत नाहीत. व्यसनावर उपचार करणारे आणि सोशल वर्कर एकाच टीममध्ये असतात, मला हे फार मोलाचं वाटतं. आणि मुलाच्या दृष्टीने योग्य अशा वेळेत आईबाप सावरले नाहीत, तर ते मूल त्यांच्याकडे परत जात नाही.